सुपारीच्या खांडाएवढी जागा

आमच्या घरमालकांचा स्वतःच्या पायांवर काडीचा विश्वास नव्हता. होता तो कागदावर. बूट सैल आहे असं पाय म्हणाला आणि बराबर आहे असं कागद म्हणाला, तर खोटं बोलणारा पाय, हे त्यांच्या लेखी ठरलेलंच होतं.

मी मूळचा जळकोटकडचा. नांदेडला एका क्लासमध्ये पोरांना रसायनशास्त्र शिकवतो. त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली तेव्हा त्यांनी मला लग्न झालंय का, मटण खाता का, पाहुणे किती येतात, असलं काहीही विचारलं नाही. टेप आणला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "धरा. ताणून धरा." जिन्याची रुंदी मोजली, खडूनं मधोमध रेघ मारली. "ही तुमची बाजू, ही माझी. चपला, सायकल, कचरा, काय असंल ते आपापल्या हद्दीत." मी हसलो. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर रेघेपलीकडं गेलेली माझी एक चप्पल उचलून नीट माझ्या बाजूला ठेवलेली, आणि ती जिथं पडली होती तिथं खडूची फुली. मला वाटलं, झालं, आपण येड्याच्या घरात राहायला आलो.

मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांची शेतं मोजण्यात गेलेला. मुदखेडपासून धर्माबादपर्यंत कुठल्या शिवारात कुणाचा बांध कुणाच्या अंगावर सरकलाय, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगायचे. लेक त्यांना अण्णा म्हणायची म्हणून गल्ली अण्णा म्हणायची, आणि गल्ली म्हणायची म्हणून मीही. ते मला मास्तर म्हणायचे. बायको वारलेली, एकुलती लेक लातूरला दिलेली. घरात अण्णा एकटे, आणि सोबतीला सुपारीची चंची, अडकित्ता आणि गिअरची सायकल.

डॉक्टरनं त्यांना साखर सांगितली होती. "साखर हाय म्हणतो," अण्णा चहात साखर ढवळत म्हणायचे, "पण तोंडी सांगून राहिला. तोंडी सांगितलेलं मी आजवर मानलं न्हाई." पुढं रक्ताचा कागद आला. कागदावरही साखर निघाली. तेव्हा कुठं दोन चमच्यांचा एक झाला. मी म्हटलं, अण्णा, पूर्ण बंद करा की. तर म्हणाले, "अपिलात जाऊन राहिलो."

त्यांचं एक वाक्य होतं. गल्लीतल्या बारक्या पोरांनाही पाठ झालं होतं. "मोजणी चुकत नसते, धरणारा चुकतो." म्हणजे टेप खोटं बोलत नाही, टेपाचं टोक धरणारा माणूस ढिला असतो. भाकरी कच्ची राहिली, रिक्षावाल्यानं रस्ता चुकवला, माझ्या क्लासचा निकाल पडला, काहीही झालं की हेच. मला वाटायचं ही नोकरीतली पोपटपंची आहे. पण ह्या वाक्यापायी अण्णांनी सख्खा भाऊ गमावला होता.

झालं होतं असं. त्यांच्या गावाकडच्या शेताची शेजाऱ्यानं मोजणी मागवली. मोजायला दुसरा माणूस आला, कारण घरचं शेत घरच्यानं मोजायचं नसतं. मोजणीत विहिरीकडची पट्टी अण्णांच्या भावाच्या बाजूला आली. भाऊ खूश, पेढे वाटायला निघाला. अण्णा बांधावर उभे होते. त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "साखळी धरणाऱ्यानं ढिली धरली. पट्टी शेजाऱ्याची हाय. फेर मोजा." फेर मोजली. पट्टी गेली, पट्टीबरोबर विहीरही गेली. भावानं त्या दिवसापासून बोलणं टाकलं ते टाकलंच. मी एकदा विचारलं, "अण्णा, गप बसला असता तर काय बिघडलं असतं?" त्यांनी अडकित्त्यात सुपारी धरली, कट्कन कातरली आणि म्हणाले, "मंग मी आयुष्यभर काय मोजलं, मास्तर?" मी आपला जिना चढून वर गेलो.

सायकलीचं खूळ निवृत्तीनंतरचं. नोकरीत ते सायकलवरच गावोगाव हिंडलेले, म्हणून निरोपसमारंभाला हाताखालच्या लोकांनी वर्गणी काढून गिअरची सायकल दिली. दुसरा कुणी असता तर नातवाला देऊन मोकळा झाला असता. अण्णांनी सायकल आधी मोजली, मग चालवली. आमच्याकडं सकाळी सायकली दामटणाऱ्यांचा एक कंपू आहे, त्यात शिरले आणि मलाही ओढून नेलं. कंपूतले शहाणे म्हणजे एक दाताचे डॉक्टर. त्यांना सायकलीतलं सगळं कळतं, निदान त्यांचं तसं मत आहे. त्यांनी स्वतःसाठी सायकलचे खास बूट मागवले होते, तळाला पट्टी असलेले, पॅडलमध्ये टक्कन अडकणारे. ते त्यांना घट्ट झाले आणि अण्णांना बसले. बसले म्हणजे असे बसले की अण्णा दिवसभर घरात तेच घालून टकटक फिरत होते.

बुटाच्या जिभेवर आत नंबर छापलेला होता, बेचाळीस. त्या दिवसापासून अण्णा बेचाळीस नंबरचे झाले. आधी ते चपलेच्या दुकानात "दाखवा हिच्यासारखी" म्हणून पायातली चप्पल काढून द्यायचे. आता कुणी विचारो न विचारो, "आपला बेचाळीस" म्हणून सांगायचे. ते बूट बरीच वर्षं चालले. एकदा टाच उचकटली, ती चांभाराकडून शिवून आणली. पुढं बुटाचा तळच फाटला. नवे मागवायला गेलो तर त्या कंपनीचे बूट आपल्याकडं यायचे बंद झालेले.

"दुसऱ्या कंपनीचा घ्या," दाताचे डॉक्टर म्हणाले. "पण अण्णा, नंबर बघून घ्या हं. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असतो. एकीचा बेचाळीस तो दुसरीचा त्रेचाळीस."

"असं कसं? गुंठा काय गावागावाला बदलतो?"

"बुटाचा बदलतो."

"तुम्ही दात बघा, डॉक्टर."

आणि अण्णांनी दुसऱ्या कंपनीचे बेचाळीसच मागवले.

लातूरकडं येळवस म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येचा सण, त्या दिवशी घराला कुलूप लावून सगळी जणं शेतात. तिथंच शेंगा-पावट्याची बेसन लावलेली भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, आणि तिथंच दुपारची झोप. अण्णांच्या लेकीच्या सासरचं शेत लातूरजवळच. तिथं येळवसीला जायचा अण्णांचा दरसालचा शिरस्ता, आणि सायकल आल्यापासून ते आदल्या दिवशी सायकलवर जायचे. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. सोबतीला मी, कारण मला क्लासला सुट्टी आणि ताईच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, हातच्या भज्जीची चटक. गेल्या साली अण्णा त्या नव्या बेचाळिसात पाय कोंबून निघाले. लातूरला पोचून बूट काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी, आणि पाय असा सुजलेला की आठवडाभर चप्पल चढेना.

ताई बिचारी हबकलीच. "अण्णा, हे असं झालं तरी तुम्ही चालवत कसे आलात? कळलं न्हाई का तुम्हाला?"

"बूट चुकला गं. कंपनी बदलली ना. पाय बराबर हाय."

"बूट न्हाई, पायच बघायला पाहिजे. साखर हाय तुम्हाला. बास झालं आता ते सायकलीचं. इथं या राहायला."

हे शेवटचं वाक्य अण्णांना झोंबलं. लेकीच्या घरी पाहुणा म्हणून जायचं, सणाला जायचं, पण मुक्कामाला राहायचं नाही, ही त्यांची हद्द होती. त्या हद्दीपुढं ते कुणाचं ऐकत नसत. आणि नांदेडातलं घर, पहाटेची सायकल, कंपूचा चहा, हे सुटलं तर माणसाकडं राहतं काय? ते भांडले नाहीत. बाप गप्प झालेला बघून ताईच नरमली आणि तिनं तोड काढली. बापाचीच लेक ती, तोडही तशीच काढली.

"पुढच्या येळवसीला सायकलवरच या. दारात मी स्वतः पाय धुणार तुमचे. पाय साफ निघाले तर जन्मात एक शब्द बोलणार न्हाई. न्हाई निघाले तर सायकल इथं राहील आन् तुम्ही बी इथं."

"मंजूर," अण्णा म्हणाले. "पंच कोण?"

तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी तोंडात भज्जीचा घास घेऊन बसलेलो, मला नाही म्हणायलाही सुचलं नाही.

तर असा हा खटला उभा राहिला. बूट चुकला होता की पाय, एवढाच प्रश्न. अण्णांचं म्हणणं, बराबर नंबर सापडला की पाय निर्दोष सुटेल. मग वर्षभर आमच्या घरात जे चाललं त्याला बूट खरेदी म्हणणं म्हणजे तलाठ्याच्या दप्तराला रद्दी म्हणण्यासारखं आहे.

आधी पायाची मोजणी. दाताच्या डॉक्टरांचा एकच सल्ला त्यांनी मानला, की माप संध्याकाळी घ्यावं, दिवसभरात पाय फुगतो. तोही मानला कारण त्यांना तो खात्यातला वाटला. रान जसं असंल तसं मोजायचं, म्हणाले. मग एका संध्याकाळी मला खाली बोलावणं आलं. ओसरीवर ब्राऊन पेपर अंथरलेला, चार कोपऱ्यांवर चार दगड. अण्णा मोजे घालून कागदावर सरळ उभे. डॉक्टर आणि शेजारच्या किराणावाल्या आप्पांना मुद्दाम बोलावून घेतलेलं.

"हे कशाला?" आप्पांनी विचारलं. दुकान उघडं टाकून आलेला माणूस, त्याचा जीव तिकडं.

"लगतच्या खातेदाराला बोलवावंच लागतं. मागून कुणी म्हणायला नको, आमच्या माघारी मोजलं."

"आवो अण्णा, तुमच्या पायाची हद्द माझ्या दुकानाला कुठं लागून राहिली?"

"उभं राहा हो दोन मिनिटं. मास्तर, पेन्सिल धरा. उभी धरा. आत झुकली की जमीन गेली."

मी गुडघ्यावर बसून रसायनशास्त्रातला पदवीधर हात त्यांच्या पायाभोवती फिरवला. उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा लांब निघाला. अण्णांनी कपाळाला आठी घातली. "उजव्यानं अतिक्रमण केलंय," म्हणाले. डॉक्टरांनी समजावलं की बहुतेकांचा एक पाय मोठा असतोच, मोठ्या पायाचं माप धरायचं. आप्पा तोवर सटकले होते.

मग बूट येऊ लागले. तिसऱ्या कंपनीचा त्रेचाळीस आला, तो लांबीला पुरला पण पंज्याला आवळायला लागला. चौथीचा बेचाळीस आला, तो एवढा प्रशस्त की टाच आत वरखाली व्हायची. कंपनीनं मापाचा तक्ता दिलेला असायचा, सेंटिमीटरमध्ये. अण्णा आधी तक्ता वाचायचे, मग जुन्या फाटक्या बुटाचं आतलं सोल काढून नव्याच्या सोलावर ठेवायचे, मग मला हाक मारायचे. आमच्या दाराशी कुरियरवाला इतका यायला लागला की आप्पांना वाटलं, अण्णांनी बुटाचं दुकान टाकलं.

आणि शेवटची कसोटी सुपारीची. ही त्यांची स्वतःची पद्धत, कुठल्याही तक्त्यात नसलेली. अंगठ्यापुढं सुपारीच्या खांडाएवढी जागा पाहिजे, जास्त नको, कमी नको. त्यासाठी ते चंचीतून एक खांड काढून बुटाच्या टोकाला सारायचे, मग पाय घालायचे. अंगठा खांडाला नुसता टेकला तर बूट बराबर. खांड दाबलं गेलं तर लहान. टेकलाच नाही तर मोठा.

"मास्तर, दाबून बघा. टेकला का?"

"अण्णा, पाय तुमचा. टेकला का ते तुम्हाला कळणार. मी वरून काय सांगू?"

"खातेदारानं आपल्या हद्दीबद्दल आपण बोलायचं नसतं. पंच सांगतील ते खरं. दाबा."

मी वरून अंगठ्यानं दाबायचो, चाचपायचो आणि काहीतरी सांगायचो. टेकला. नाही टेकला. जरासा टेकला. हे असलं काम मला कुठल्याही विद्यापीठानं शिकवलं नव्हतं. अण्णा डोळे मिटून उभे राहायचे, न्यायाधीशाच्या निकालाकडं कान लावून आरोपी उभा राहतो तसे. आम्ही वर जाऊन पोट धरून हसायचो, मी आणि डॉक्टर. डॉक्टर म्हणायचे, "पूर्ण वर्षात हा माणूस एकदा तरी म्हणालाय का, बूट चावतो? टोचतो? नाही! सगळं मोजूनच." आम्हाला ती गंमत वाटायची. खात्याची सवय, म्हणून सोडून द्यायचो.

अशा गमती बऱ्याच होत्या. वैशाखात गच्चीवर पापड वाळत घालायचे तेव्हा तापल्या फरशीवर आम्ही नाचत पळायचो आणि अण्णा अनवाणी निवांत उभे. "मोजणीवाल्याचे पाय हायेत हे," म्हणायचे, आणि आम्हाला कौतुक. एकदा भाजी घेऊन आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी बाजारात कुठंतरी निघून पडलेली, पत्ता नाही. आप्पांनी "अण्णा, अर्धी जमीन कुठं विकून आलात?" म्हणून गल्लीभर सांगितलं. एकदा त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा निघाला, चांगला रुतलेला, तोही ओसरी झाडणाऱ्या बाईला दिसला म्हणून. हसण्यावारी नेलं सगळं. त्यांनीही नेलं. मला वाटतं सगळ्यांत जास्त त्यांनीच नेलं.

शेवटी पाचव्या का सहाव्या कंपनीचा, रुंद साच्याचा त्रेचाळीस आला. तक्ता बराबर, सोल बराबर, पंज्याला आवळत नाही, टाच हलत नाही. बेचाळीस गेल्याचं अण्णांना थोडं दुःख झालं. "जुनी मोजणी जुन्या मापाची," म्हणाले, "नवी नव्या मापाची. रान तेच हाय." येळवसीला निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला अखेरच्या कसोटीला खाली बोलावलं. डावा पाय झाला. खांड काढून त्यांनी उजव्या बुटात सारलं, पाय घातला.

"टेकला का?"

मी दाबलं. "टेकला, अण्णा. नुसता टेकला."

अण्णांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद भावकीतल्या लग्नातसुद्धा बघितला नाही. तेवढ्यात लातूरहून ताईचा फोन आला. कधी निघणार, स्वेटर घ्या, अहमदपूरला पोचलात की कळवा. अण्णा बोलता बोलता बूट काढून दाराशी ठेवून आत गेले, आणि मी वर जेवायला गेलो.

पहाटेच निघालो. थंडी मायंदळ होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरी उभ्या, हरभरा घाटे धरून राहिलेला, आणि मधेच जोंधळ्याच्या रानातून वारा असा यायचा की कान दुखायचे. अण्णा पुढं, मी मागं. लोह्याला चहा झाला. तोवर माझे पाय बोलायला लागले होते. मी बूट सैल केले, बोटं हलवली. अण्णा उभ्या उभ्या चहा पीत होते.

"अण्णा, जरा मोकळे करा पाय."

"कशाला? बूट घातलेत हेच कळून न्हाई राहिलं मला. ह्याला म्हणतात नंबर."

अहमदपूरला तेच. मी हॉटेलच्या बाकड्यावर पाय चोळत बसलो आणि हा पिकल्या केसांचा माणूस टकटक करत हॉटेलवाल्याला समजावून सांगत होता की कंपनी बदलली की आधी पाय मोजायचा, मग तक्ता बघायचा, कंपनीच्या छापील नंबरावर भुलायचं नाही. हॉटेलवाल्याच्या पायात फाटकी स्लीपर. तो "हाव, बराबर हाय साहेब" म्हणत भजी तळत होता. चाकूरच्या पुढं अण्णांनी सायकल माझ्या जोडीला आणली आणि म्हणाले, "मास्तर, आज तुम्हाला काय एक निकाल द्यायचाय, ध्यानात हाय ना? भिडेखातर देऊ नका. जे दिसंल ते सांगा."

"अहो, निकाल लागल्यातच जमा आहे."

"दिल्याशिवाय लागत नसतो."

दुपार कलली तेव्हा लातूरला पोचलो. ताईच्या घरात दुसऱ्या दिवसाची तयारी चाललेली, ओसरीवर ओल्या तुरीच्या शेंगांचा आणि पावट्याचा ढीग, सासूबाई सोलत बसलेल्या, आतून बेसन आणि हिरव्या मिरचीचा वास. दाराशी बादली, तांब्या आणि पाट मांडून ठेवलेला. ताई पदर खोचून तयारच होती. हसत होती, पण डोळे सरळ बापाच्या पायांकडं गेलेले.

अण्णा पायरीवर ऐटीत बसले. "पंच, या हिकडं. जवळ या."

डावा बूट काढला, मोजा काढला. पाय साफ. ताईनं हातात घेऊन फिरवून बघितला, बोटांच्या बेचक्यात बघितलं, पाणी घातलं. एक ओरखडा नाही. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की बघा, लिहून घ्या.

"काही म्हणजे काहीच जाणवलं न्हाई," ते उजवा पाय पुढं करत म्हणाले. "इतकी वर्षं सायकल चालवून राहिलो, असा बूट मिळाला न्हाई. जुना बेचाळीस बी असा नव्हता. फुलावाणी. मास्तर थांबून थांबून पाय चोळून राहिले, आन् मी..."

ताईनं बूट ओढून काढला आणि ती थांबली. पांढऱ्या मोज्याचं टोक लालकाळं झालेलं होतं. मोजा अंगठ्याला चिकटलेला. तिनं पाणी टाकून हळूहळू तो सोडवला. अंगठ्याच्या खाली कातडं पार गेलेलं, आत मांस दिसत होतं. मी तोंड फिरवलं. फिरवलेल्या तोंडानं अण्णांकडं बघितलं, तर ते अजून हसतच होते. त्यांना वरून काहीच दिसत नव्हतं, आणि दिसल्याशिवाय त्यांना कळणार नव्हतं.

ताईनं बूट पालथा केला. आतून सुपारीचं खांड पडलं, टक्कन पायरीवर आपटलं आणि माझ्या पायाशी येऊन थांबलं.

तिनं ते उचललं. तळहातावर घेऊन बघत राहिली. सासूबाईंचे शेंगा सोलणारे हात थांबले. आता अण्णांनी वाकून बघितलं. आधी खांड बघितलं, मग मोजा, मग अंगठा. मोजणीला गेल्यावर दुसऱ्याच्या रानाकडं बघतात तसं त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं. नांदेडपासून लातूरपर्यंत, लोह्याचा चहा, अहमदपूरचं भाषण, सगळा रस्ता ते खांड अंगठ्याखाली रुतत आलं होतं.

ताई ओठ घट्ट दाबून अंगठा धूत राहिली आणि डोळ्यांतलं पाणी त्याच पाण्यात पडत राहिलं.

"पंच," अण्णा म्हणाले, "बोला."

कालच मी म्हणालो होतो, टेकला अण्णा, नुसता टेकला.

"राहू द्या. मीच सांगतो." त्यांनी घसा खाकरला. "मोजणी चुकली न्हाई. धरणारा चुकला."

विहिरीची पट्टी शेजाऱ्याला देतानाही त्यांचा आवाज असाच लागला असेल. मग ते लेकीकडं वळले. "अगं, बोल की. पाय साफ निघाले तर बोलायचं न्हाई, अशी अट होती. पाय साफ न्हाईत. बोल."

तेव्हा ताईनं मान वर केली.

"दुखतंय का, अण्णा?"

अण्णांनी डोळे मिटले. मला दाबून बघायला सांगितलं नाही, कुणाकडंच बघितलं नाही. खरंच दुखतंय का ते आत शोधत राहिले, सापडेल म्हणून.

"न्हाई गं," ते म्हणाले. "दुखत न्हाई. तेच तर."

दुसऱ्या दिवशी अण्णा येळवसीला शेतात गेले ते जावयाच्या गाडीतून. पायाला पांढरी पट्टी. सायकल ताईच्या ओसरीत भिंतीला टेकवून ठेवलेली होती, तिच्याकडं त्यांनी जाताना एकदा बघितलं. ताईनं सकाळीच जाऊन त्यांच्यासाठी मऊ तळाची चप्पल आणली होती. तिनं आधी आपला हात चपलेत घालून टोकापर्यंत फिरवला, काही नाही ना ते बघितलं, मग त्यांच्या पायात घातली. अण्णांनी पाय पुढं केला आणि गुमान घालून घेतली. नंबर विचारला नाही.